प्रकल्प नोंदी: बाकावर न दिसणारी माणसं

काम: घरभेटी, चर्चच्या आसपासच्या वस्तीशी ओळख, आणि उपासनेला येऊ न शकणाऱ्यांपर्यंत पोचणं. मुदत: जानेवारी ते जून २०२५. नोंद ठेवणारी: मंडळीची (चर्चच्या सभासदांच्या समुदायाची) कार्यवाह.

रविवार, १२ जानेवारी

उपासनेनंतर कार्यकारी समिती बसली. पाळकसाहेबांनी विषय मांडला. आजवर आपण आउटरीच म्हणत आलो ते म्हणजे नाताळच्या सुमारास पत्रकं वाटणं आणि एक गाण्यांचा कार्यक्रम. माणसं येतात, ऐकतात, जातात. पुढच्या वर्षी पुन्हा पत्रकं. यंदा दुसऱ्या टोकाने सुरुवात करायची. आपल्याच यादीत नावं आहेत पण बाकावर दिसत नाहीत, आधी त्यांच्याकडे जायचं. मग शेजाऱ्यांकडे. आणि पहिले दोन महिने कुणालाही कशाचंही निमंत्रण द्यायचं नाही.

तरुण संघाच्या प्रतिनिधीला हे पटेना. "बोलवायचं नाही, तर जायचं कशाला?" वडीलमंडळातले आजोबा म्हणाले, "विचारपूस करायला. एवढं कारण पुरत नाही का?"

बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळ ९९ मेंढरं मागे ठेवून एकाच्या शोधात जातो. उपदेशात आपण नेहमी त्याच्या शोधाबद्दल बोलतो. मला आज त्याच्या आधीची गोष्ट महत्त्वाची वाटली. एक कमी आहे हे त्याला कळलं, कारण तो सगळ्यांना ओळखत होता. आपल्याला किती दिवसांनी कळतं?

रविवार, १९ जानेवारी

नोंदवही उघडून बसलो. बाप्तिस्मा, विवाह, दफन या तिन्ही नोंदी जुन्या पाळकांपासून अगदी नेटक्या आहेत. पण मधल्या आयुष्याला रकानाच नाही. माणूस बाप्तिस्म्याला एकदा आणि लग्नाला एकदा दिसतो, त्यानंतर थेट शेवटच्या पानावर.

शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, अनेक वर्षं चालवलेल्या आजींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या एकेक नाव ऐकून डोळे मिटायच्या आणि सांगायच्या: हिचे गुडघे गेले, हा रात्रपाळीला असतो, यांचं भावाभावांत वाजलं आणि दोघांनीही येणं सोडलं, हिचा संसार मोडला आणि तिला वाटलं सगळे बघतील. एका काकांचं नाव आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "त्यांना ऐकूच येत नाही गं. समोर बसून नुसते ओठ हलताना बघायचे. शेवटी यायचे बंद झाले."

आमचा अंदाज होता की न येणाऱ्यांत विश्वास थंडावलेले जास्त असतील. यादी पुरी झाली तेव्हा एक वेगळाच गट पुढे आला: घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे म्हणून अडकलेली माणसं. बहुतेक सुना, मुली, आणि दोन वयस्कर नवरे. आजाऱ्याचं नाव आपल्या प्रार्थनेच्या यादीत असतं. त्याची शुश्रूषा करणाऱ्याचं नसतं. आजपासून दोन्ही नावं लिहायची.

शनिवार, १ फेब्रुवारी

घरभेटीला जाणाऱ्यांची तयारी. मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका मावशी आणि पाळकसाहेब यांनी मिळून घेतली. मावशींचं बोलणं अनुभवाचं होतं, म्हणून जसंच्या तसं उतरवते आहे.

दोघांनी जायचं, एकट्याने नाही. आधी फोन करायचा. अचानक गेलं की माणूस आवराआवरीत पडतो आणि बोलायचं राहून जातं. अर्धा तास पुरे. आजाऱ्याच्या पलंगावर बसायचं नाही, खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या उंचीला बसायचं. आपल्या ओळखीत कुणाला हाच आजार झाला होता आणि त्याचं काय झालं, हे सांगायचं नाही. औषधांबद्दल मत द्यायचं नाही. घराच्या, बँकेच्या कागदांना हात लावायचा नाही, सही करायला तर मुळीच थांबायचं नाही. घरात लहान मूल एकटं असेल तर दारातूनच परत फिरायचं. प्रार्थना करू का, असं विचारायचं. नको म्हणाले तर नको.

सगळ्यात जास्त चर्चा वहीवर झाली. काय लिहायचं? शेवटी ठरलं: तारीख, कोण गेलं, पुढे काय करायचं. बस. घरातलं दुःख वहीत उतरवायचं नाही. आणि प्रार्थनासभेत कुणाचं नाव घ्यायचं तर त्या माणसाला विचारूनच. "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत गोष्टी पसरतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे यावर कुणी वाद घातला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पहिल्या भेटी सुरू झाल्या. आजची तारीख मला मुद्दाम नोंदवायची आहे. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या मंडळीतले लोक इमारतीचं कर्ज कसं फेडायचं म्हणून बसले होते. ज्याला जमेल त्याने आठवड्याला एक पेनी द्यायची, बारा-बारा जणांचे गट करायचे, आणि प्रत्येक गटातल्या एकाने ती गोळा करून आणायची असं त्यांनी ठरवलं. पैसे गोळा करायला घरोघरी गेलेल्यांना दिसलं की कुठे भांडण आहे, कुठे दारू आहे, कुठे कुणी खचून बसलंय. कर्जवसुलीची सोय म्हणून निघालेले हे गट पुढे मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा झाले. एकमेकांच्या जिवाची काळजी घेण्याची ती जागा झाली.

आमच्या गटालाही तसंच काहीसं दिसलं. विचारपूस करायला गेलेल्यांना बहुतेक घरांत आधी मौन भेटलं, मग अवांतर गप्पा, आणि निघताना चपला घालत असताना खरी गोष्ट. मावशी म्हणाल्या की हे नेहमीचंच आहे. म्हणून अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटं उभ्याने बोलायला राखून ठेवायची.

भावाभावांच्या घरी पाळकसाहेब स्वतः गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. लेंट, म्हणजे उपासाचा काळ, सुरू झाला. रविवार वगळून ईस्टरपर्यंतचे ४० दिवस.

पाळकसाहेबांनी यशयाच्या ५८व्या अध्यायावर उपदेश केला. देवाला आवडणारा उपास कुठला, तर जुलमाची बंधनं सोडणं, भुकेल्याला आपल्यातलं देणं, आणि स्वतःच्या माणसांकडे पाठ न फिरवणं. या शेवटच्या भागावर ते बराच वेळ थांबले.

एकमेकांना रोज फोन करण्याची फोनसाखळी गेले काही दिवस सुरू आहे. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऐकू न येणाऱ्या काकांच्या शेजारच्या इमारतीत एक काका राहतात. त्यांची दृष्टी गेली आहे, जिना उतरत नाहीत. आपण त्यांचं नाव "ज्यांना फोन करायचा" या यादीत घातलं होतं. ते म्हणाले, "मला करू नका, मला करायला द्या. माझ्याकडे सगळा दिवस आहे आणि आवाज शाबूत आहे." आता सकाळचे फोन तेच करतात. नंबर पाठ आहेत. कोण कोणत्या वेळी मोकळं असतं हेही. काल त्यांच्यामुळेच कळलं की एक आजी नेहमीसारखा फोन उचलत नाहीयेत. शेजाऱ्यांना पाठवलं, त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या, शुद्धीवर होत्या, वेळेवर दवाखान्यात पोचल्या.

सेवा घेणारे आणि सेवा देणारे अशा आपण केलेल्या दोन याद्या काढून टाकाव्यात, असं मी समितीला सुचवलं आहे. एकच यादी हवी, आणि प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न: यांना काय हवंय? यांच्याकडे काय आहे?

रविवार, १६ मार्च

ऐकण्याचा आणि पायऱ्यांचा प्रश्न घेतला.

आवाज वाढवला की ऐकू येतं, हा गैरसमज निघाला. कमी ऐकू येणाऱ्यांना आवाज लहान वाटतो त्यापेक्षा शब्द एकमेकांत मिसळलेले वाटतात. उंच छत आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो आणि शब्द आणखी पुसट होतात. उपाय साधे आहेत, फक्त शिस्त लागते. बोलणाऱ्या प्रत्येकाने माइकवरच बोलायचं. "माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको" हे यापुढे नाही. स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांऐवजी बाकांच्या जवळ, कमी आवाजात. शास्त्रपाठ आणि गीतं मोठ्या टाइपात छापून दाराशी ठेवायची, १८ पॉइंटपेक्षा लहान नको. वाचणाऱ्याने अध्याय सांगून क्षणभर थांबायचं म्हणजे पान सापडतं.

दारात दोन पायऱ्या, मिळून साधारण एक फूट उंची. व्हीलचेअरच्या उतारासाठी सर्वसाधारण प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे एका फुटाला बारा फूट लांब उतार. तेवढी सरळ जागा समोर नाही. एक वळण आणि मध्ये सपाट चौथरा करावा लागेल. कुणीतरी म्हणालं, उचलून आत घेऊ की, चार तरुण आहेत. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार जणांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला आत सोडलं, त्यांचा विश्वास येशूने पाहिला, हे खरं. पण त्या चौघांना छपरावर चढावं लागलं ते दार अडलेलं होतं म्हणून. आपलं दार आपल्या हातात आहे. उताराचं काम मंजूर.

शनिवार, २९ मार्च

शेजारच्या वस्तीत गेलो. सांगायला नाही, विचारायला. तीन प्रश्न: चर्चमुळे तुम्हाला काही त्रास होतो का? या भागात कशाची अडचण आहे? आमच्याकडून काही व्हावं असं वाटतं का?

पहिल्या प्रश्नाला उत्तरं मोकळी मिळाली. रविवारी सकाळी बाहेरचा स्पीकर झोपमोड करतो. गाड्या फाटकासमोर लागतात. दोन्ही लगेच सुधारण्यासारखं आहे, बाहेरचा स्पीकर उद्यापासून बंद.

दुसऱ्याला बहुतेक आईबापांचं एकच उत्तर: मुलांना अभ्यासाला जागा नाही. एका खोलीत टीव्ही, पाळणा, आजारी माणूस आणि दहावीचं पुस्तक. एका बाईने विचारलं, "इतकी वर्षं इथे राहते, तुमचं आवार रोज बघते. आत आलेलं चालतं का?" तिच्या प्रश्नाने मला आतून हलवलं. दार उघडंच असतं, असं आपण समजून चाललो होतो.

समितीत यावर सगळ्यात लांब चर्चा झाली. सभागृह संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासासाठी उघडावं, याला कुणाचा विरोध नव्हता. प्रश्न होता अटींचा. माझं म्हणणं: या दोन तासांत बायबलपाठ नाही, गीत नाही, पत्रक नाही, आणि हे पालकांना आधी स्पष्ट सांगायचं. कोषाध्यक्ष काकांना हे लागलं. ते तळमळीने बोलले. "ज्याच्यासाठी आपण आहोत त्याचं नावच घ्यायचं नाही? मग आपण आणि दुसरी कुठलीही संस्था यात फरक काय?"

त्यांची तळमळ खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं की लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला. उरलेले नऊ कुठे, असं येशूने विचारलं. पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. अभ्यासाला आलेल्या मुलावर आपण छुपं ओझं टाकलं तर ती देणगी राहत नाही, सौदा होतो. कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर मोकळेपणाने येशूचं नाव घेऊन सांगायचं. लपवायचं काहीच नाही.

पाळकसाहेबांनी रविवारच्या शाळांची चळवळ पसरवणाऱ्या रॉबर्ट रेक्स या इंग्रजाची आठवण करून दिली. १७८०च्या सुमारास ग्लॉस्टरमध्ये त्याने रविवारची शाळा चालवली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. त्यांना सुट्टी तेवढ्याच दिवशी. तिथे मुलं आधी वाचायला शिकली. आपल्या शब्बाथ शाळेचं मूळ अक्षरओळखीत आहे. रेक्सच्या शाळेत वाचनासाठी बायबल होतंच, ही बाजू कोषाध्यक्ष काकांनी लगेच मांडली, आणि ती बरोबर आहे. पण तिथे आईबापांना ते ठाऊक होतं.

ठराव झाला: सभागृह उघडायचं. दोन प्रौढ कायम हजर, दारं उघडी, कुणीही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही. पहिल्या आठवड्याची पाळी कोषाध्यक्ष काकांनी स्वतः मागून घेतली.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, येशूच्या यरुशलेममधल्या प्रवेशाची आठवण. मिरवणूक आवारातच, वाद्यं न घेता. अभ्यासिकेतली काही मुलं भिंतीवर बसून बघत होती.

गुरुवार, १७ एप्रिल

संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याची. योहानच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याप्रमाणे पाय धुण्याचा विधी झाला.

यंदा पहिल्यांदा उपासना संपताच, त्याच मेजावरची भाकर आणि प्याला घेऊन पाळकसाहेब आणि वडील घरोघरी गेले. आजवर आजाऱ्यांना प्रभुभोजन मिळायचं ते सवडीने, केव्हातरी दुपारी, वेगळं. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात जे हजर नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वाटा घेऊन जातात, असं स्पष्ट आहे. त्याच परिच्छेदात जमा झालेल्या दानाचंही आहे. ते प्रमुखाकडे ठेवतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची काळजी घेतली जाते. एकच सभा, एकच मेज, आणि त्याच मेजावरून गैरहजरांचा वाटा निघतो.

फोन करणाऱ्या काकांकडे मी बरोबर गेले होते. पाळकसाहेब म्हणाले, "आत्ताच मंडळीने घेतलं, आता तुम्ही." काकांनी विचारलं, "गीत कोणतं झालं?" सांगितलं. त्यांनी ते पहिल्या कडव्यापासून म्हटलं, आम्ही मागून.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. बाक भरले होते. त्यावर समाधान मानू नये, असं पुढच्या आठवड्यासाठी लिहून ठेवते.

एक बदल केला. नवीन आलेल्यांना उभं करून नाव विचारायचं थांबवलं. अनोळखी माणसाला शंभर नजरांसमोर उभं करणं हे स्वागत वाटत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाकावर एकाने शेजारी बसलेल्या नव्या माणसाची चौकशी करायची, शास्त्रपाठाचं पान काढून द्यायचं, आणि उपासना संपल्यावर आधी आपल्या मित्रांकडे धावायचं नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना अवघड जाते.

ऐकू न येणारे काका आले होते. तिसऱ्या बाकावर, स्पीकरजवळ.

रविवार, ११ मे

मदतनिधीबद्दल तक्रार आली, आणि ती रास्त आहे. मदत ओळखीच्याच घरांत जाते. नवीन राहायला आलेल्यांना असा निधी आहे हेही ठाऊक नसतं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. मंडळीने सात जण निवडले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, त्या बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलेलं दिसतं. मला हा उपाय विलक्षण धाडसी वाटतो. कुठली चौकशी समिती नाही, समजूत घालणं नाही. थेट किल्ली हातात.

म्हणून निधी सांभाळणाऱ्या तिघांत आता नवीन आलेल्यांपैकी दोघी आहेत. हिशेबात रक्कम आणि कारण लिहायचं, नाव नाही. अर्पण पूर्वीसारखंच दोघांनी मोजायचं.

शोकात असलेल्या घरांसाठी वेगळं वेळापत्रक केलं. दफनानंतरच्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. रिकामं होतं ते पुढे. म्हणून तिसरा महिना, गेलेल्या माणसाचा पहिला वाढदिवस, आणि वर्ष पूर्ण होतं तो दिवस, या तीन तारखा वहीत आधीच लिहून ठेवायच्या. आणि भेटीत गेलेल्याचं नाव घ्यायचं. आठवण निघाली तर त्यांना रडू येईल म्हणून आपण टाळतो. एक ताई म्हणाल्या की आठ महिन्यांत त्यांच्या नवऱ्याचं नाव कुणीच उच्चारलं नव्हतं.

रविवार, ८ जून

पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, हे सांगणारा कृत्यांचा दुसरा अध्याय मंडळीतल्या लोकांच्या मातृभाषांमध्ये वाचला, एकामागून एक. एका कुटुंबाला आपली भाषा चर्चमध्ये ऐकायची ही पहिलीच वेळ. इथून पुढे महिन्यातून एक शास्त्रपाठ त्यांच्या भाषेत होईल.

शनिवार, २८ जून

सहामाही आढावा. किती नवीन लोक वाढले, हा प्रश्न आला. आकडा देता येईल, पण तो मी अहवालात पहिल्या पानावर घेतलेला नाही. पहिल्या पानावर घेतलं ते असं: नोंदवहीतलं एकही नाव आता असं नाही की ज्याची सध्याची स्थिती मंडळीतल्या किमान दोघांना ठाऊक नाही.

अडलेलं काम: शुश्रूषा करणाऱ्यांना रविवारी दोन तास मोकळीक देण्यासाठी आजाऱ्याजवळ बसणारी माणसं. इच्छुक आहेत, पण उचलणं, कूस बदलणं हे शिकल्याशिवाय पाठवणार नाही. परिचारिका मावशी जुलैत शिकवतील. तोवर ज्यांना नुसती सोबत हवी आहे अशाच घरी जायचं.

भावाभावांपैकी धाकटे येतात. थोरले अजून नाही. पाळकसाहेबांच्या भेटी चालू आहेत.

उताराचा चौथरा पावसामुळे थांबला आहे, वळणाचा भाग बाकी. तात्पुरती फळी टाकलेली नाही, ती निसरडी होते. अभ्यासिकेच्या किल्ल्यांचा दुसरा जोड त्या शेजारच्या बाईंकडे दिला आहे. मंगळवार आणि गुरुवारची पाळी त्यांची. पुढची बैठक ६ जुलैला, उपासनेनंतर.